टोक शाबूत आहे तोवर

मास्तरीणबाईंचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता, स्वतःच्या टेपवर आणि स्वतःच्या सुईवर. बाकी सगळ्यांकडे त्या चष्म्याच्या वरून बघत. दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की आधी त्याचं कापड, मग त्याचे बूट आणि सगळ्यात शेवटी त्याचा चेहरा, असा त्यांच्या नजरेचा क्रम ठरलेला होता. "ही शिवणकामात आली म्हणून बरं, पोलिसात गेली असती तर मला रोज जबानी द्यावी लागली असती," असं त्यांचा नवरा गिऱ्हाइकांना सांगायचा. आणि त्याबद्दल जेवताना बोलणी खायचा.

दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची खोली. दोन मशिनं, मधे कापणीचं लांब टेबल, खिडकीपाशी इस्त्रीचं टेबल. मागच्या दाराला एक जाड पडदा, आणि पडद्यामागे घर. सध्या त्या पडद्यामागे मास्तरीणबाईंची लेक होती. बाळंतपणाला आलेली, दिवस अगदी भरत आलेले. एकुलती एक, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिलेली. मास्तरीणबाई मशिनवर बसल्या तरी त्यांचा एक कान कायम पडद्याकडे असे.

आरोग्यखात्याची नर्स पहिल्यांदा आली ती शाळेच्या गणवेशांच्या गर्दीत. खांद्याला निळी पिशवी, चालून चालून बुटांवर धूळ. गल्लीत तिघांचे डोळे पिवळे झाले होते हे एव्हाना सगळ्यांना माहीत होतं. कोपऱ्यावरचा दुकानदार, समोरचे पेन्शनर गुरुजी, आणि दुकानातले कपडे काजं करायला घरी नेणारी काजवाली. तिघांच्याही रक्तात एकाच जातीची कावीळ निघाली होती, बी नावाची, लिव्हर धरून बसणारी.

"तिघांना जोडणारं काहीतरी असणार," नर्स म्हणाली. "दात कुठे काढले, दाढी कुठे केली, कुठे काही टोचून घेतलं…"

"दाढी म्हणाल तर काजवाली करत नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या.

नवरा फिस्सकन हसला. नर्सही हसली. ती हसली म्हणून मास्तरीणबाईंना तिचा आणखीच संशय आला. सरकारी माणूस गोड बोलायला लागलं की पुढे काहीतरी बंद होतं, असा त्यांचा अनुभव होता. मागे असेच एक जण गोड बोलून गेले आणि दुकानाची पाटी उतरवायला लावली.

"ही कावीळ पाण्यातून येत नाही," नर्स सांगत होती. "जेवणातून नाही, भांड्यातून नाही, हात लावून नाही. रक्तातून येते. एकाच्या रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा थेंबसुद्धा दुसऱ्याच्या अंगात गेला तर पुरतो. आणि कित्येकांना वर्षानुवर्षं पत्ताच नसतो. अंगात असते, पण डोळे पिवळे होत नाहीत, काही दुखत नाही."

"म्हणजे कुणालाही असू शकते."

"हो, कुणालाही." मग नर्सने पिशवी मांडीवर घेतली आणि आवाज जरा खाली आणला. "घरात कुणी गरोदर आहे का? हे मी प्रत्येक घरी विचारते. आईच्या अंगात असेल तर बाळंत होताना बाळाला लागते. पण आधी माहीत असलं, तर बाळ जन्मल्याबरोबर दोन इंजेक्शनं देतो आणि बहुतेक बाळं वाचतात. राहून गेलं तर मात्र ते पोर जन्मभर हा रोग घेऊन फिरतं."

पडद्यामागे खाट करकरली.

"नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आम्ही दोघंच असतो."

नवऱ्याने एकदम कात्री उचलली आणि जे कापड कापायचं नव्हतं ते कापायला घेतलं.

खोटं का बोलल्या? तर विहीणबाईंसाठी. लेकीला इतकी वर्षं मूल नव्हतं तेव्हा विहीणबाईंनी जे जे ऐकवलं होतं ते मास्तरीणबाईंनी पोटात ठेवलं होतं. आता खात्याची माणसं लेकीचं रक्त काढून नेणार, गल्लीभर बोभाटा होणार, आणि विहीणबाई म्हणणार, बघा, माहेरी काय काय रोग आहेत ते. नुसत्या संशयावर लेकीचं घर मोडायचं, हे त्यांना परवडणारं नव्हतं. मागे दवाखान्याने लेकीच्या रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या होत्या, त्याही त्यांनी होऊ दिल्या नव्हत्या. "रक्त काढून काढून पोरीला अशक्त करतात. साखर तेवढी वाढलीय ना? ती मी घरी बघते," असं म्हणून त्यांनी विषय मिटवला होता.

साखर बघणं हा मास्तरीणबाईंचा मोठेपणाचा विषय होता. त्यांना स्वतःला मधुमेह. भाच्याने त्यांना साखर तपासायचं छोटं मशीन आणून दिलं, आणि पेनासारखं दिसणारं एक टोचणं. खटका दाबला की आतली बारीक सुई बोटाला टचकन टोचायची आणि मोत्याएवढं रक्त वर यायचं. मशीन आल्यावर ते एकटीसाठी वापरणं मास्तरीणबाईंना शोभेना. आठवड्यातून एकदा चहाच्या वेळी गल्लीतली चार माणसं दुकानात जमू लागली. मशीनला लागणारी पट्टी प्रत्येकाने आपली आणायची, टोचायचं काम मास्तरीणबाईंचं. गुरुजी दरवेळी डोळे मिटून घ्यायचे आणि दुकानदार दरवेळी "ओय" करायचा, आणि मास्तरीणबाई दोघांनाही सारख्याच दटावायच्या. फुकट तपासणी, वर चहा. या एका गोष्टीसाठी गल्ली त्यांना मनापासून दुवा देत होती आणि त्यांनाही ते फार आवडत होतं.

एकच माणूस त्या घोळक्यापासून लांब राहायचं, ती इस्त्रीवाली. वर्षभरापूर्वी कामाला लागलेली. कामाला चोख, तोंडाने मुकी. महिन्यातून एकदा अर्धा दिवस रजा घ्यायची आणि कुठे जाते ते सांगायची नाही. दुपारी जेवणानंतर भिंतीकडे तोंड करून एक गोळी गिळायची. आणि साखर बघायची वेळ आली की हात पदराआड लपवल्यासारखे इस्त्रीच्या कापडात घालून उभी राहायची.

"ये गं, तुझीही बघते," मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या एकदा.

"माझी नको, मावशी."

"का? रक्त कमी पडेल तुझं?"

सगळे हसले. इस्त्रीवाली म्हणाली, "बघायचीच असेल तर आधी सुई बदला."

आता हे बोलणं कुणापुढे? चाळीस वर्षं सुया हाताळलेल्या बाईपुढे! मास्तरीणबाईंच्या वडिलांचं एक तत्त्व होतं आणि दुकानाबरोबर तेही मास्तरीणबाईंकडे आलं होतं. सुई मोडली किंवा बोथट झाली तरच टाकायची. टोक शाबूत असताना सुई टाकणारा माणूस शिंपी नव्हे, उधळ्या. मास्तरीणबाईंनी पेन उघडून सुईचं टोक उजेडाला धरलं, नखावर घासून बघितलं, फडक्याने पुसलं. "बघ, कशी लखलखतेय. काय खोट आहे हिच्यात?" आणि तिचं बोट ओढून टचकन टोचलं. इस्त्रीवालीने बोट तोंडात घातलं आणि मुकाट्याने टेबलापाशी जाऊन उभी राहिली. त्यानंतरही दोनतीनदा मास्तरीणबाईंनी तिला धरलंच. कुणी आपल्या उपकारातून निसटलेलं त्यांना चालत नसे.

नर्स गेल्यावर हे सगळं त्यांना आठवलं, पण उलट्या बाजूने. काय माणूस आहे ही? गोळी लपवते, रजा लपवते, बोट लपवते. आणि ही आली त्यानंतरच गल्लीत पिवळे डोळे दिसायला लागले. मास्तरीणबाईंनी दोन आणि दोन जोडले आणि उत्तर त्यांच्या मनासारखं आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चहाच्या कपांतला एक निवडून त्याच्या कानाला लाल दोरा बांधला. "हा तुझा," त्या इस्त्रीवालीला म्हणाल्या. "ज्याचा त्याचा कप बरा."

इस्त्रीवालीने दोऱ्याकडे बघितलं. असले दोरे तिने पूर्वी पाहिलेले असावेत, कारण तिने काही विचारलं नाही. पडद्याच्या फटीतून लेक बघत होती. "आई, नर्सबाई तर म्हणाल्या भांड्यातून येत नाही," ती नंतर म्हणाली.

"खात्याची माणसं काय वाटेल ते सांगतात. आपण आपलं जपावं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ती आजूबाजूला असली की तू बाहेर येऊ नकोस. तिने हात लावलेल्या कशालाही हात लावायचा नाही. आणि कुणी काहीही सांगू दे, तू माझं ऐकायचं."

लेकीने मान हलवली. लहानपणापासून ती आईचंच ऐकत आली होती.

पुढच्या रजेच्या दिवशी मास्तरीणबाई इस्त्रीवालीच्या मागे निघाल्या. पाठलाग करायचा म्हणून गडद रंगाचे कपडे घातले, आणि गुडघे दुखतात म्हणून काठीही घेतली, त्यामुळे सगळ्या रस्त्याला त्या कळत होत्या, फक्त इस्त्रीवालीला सोडून. इस्त्रीवाली बाजार ओलांडून थेट मोठ्या दवाखान्यात शिरली आणि लिव्हरच्या विभागापुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली. रांगेतल्या एका बाईशी ती हसून बोलत होती. वर्षभरात तिला हसताना मास्तरीणबाईंनी पाहिलं नव्हतं. मग खिडकीतून तिला गोळ्यांची बाटली मिळाली, ती तिने पिशवीच्या तळाशी घातली आणि वर भाजी ठेवली.

मास्तरीणबाई खांबाआड उभ्या राहून बघत होत्या. संशय खरा निघाल्याचा आनंद असतो तो त्यांना झाला, हे कबूल करायला हवं. पण त्याच्या खाली भीतीही होती, आणि ती लेकीच्या पोटातल्या जिवाची होती.

इस्त्रीवाली परत आली तेव्हा मास्तरीणबाई टेबलापाशी तिची वाटच बघत होत्या.

"काय आहे गं तुला?"

इस्त्रीवालीने पिशवी खाली ठेवली. नवऱ्याकडे, मशिनकडे, रस्त्याकडे, असं सगळीकडे बघून घेतलं. मग ती म्हणाली, "कावीळ. बीच. खूप जुनी आहे. रोज गोळी घेते, त्यामुळे दबलेली आहे."

"आणि आम्हाला सांगितलं नाहीस!"

"मागच्या दुकानात सांगितलं होतं, मावशी. त्याच दिवशी काढलं. त्याच्या आधीच्या ठिकाणीही तेच. माझ्या मागे एक पोर आहे."

"आणि माझ्या मागे? माझी लेक—" मास्तरीणबाईंनी जीभ चावली. "तू उद्यापासून येऊ नकोस. आणि तो कपही घेऊन जा."

इस्त्रीवालीने इस्त्रीची वायर काढली, नीट गुंडाळली, टेबलावरचं कापड सारखं केलं. दारात गेल्यावर वळली. "मी तुम्हाला सुई बदला म्हणाले होते," ती म्हणाली. "त्याहून जास्त बोलायची माझी हिंमत झाली नाही. ती चूक माझी."

"वर तोंड करून बोलतेय बघा," मास्तरीणबाई नवऱ्याला म्हणाल्या. बायको रागात असताना गप्प बसण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

नर्स पुन्हा आली तेव्हा मास्तरीणबाईंनी तिला स्वतःहून आत बोलावलं, खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला. "तुमचं काम मी सोपं करून ठेवलंय," त्या म्हणाल्या, आणि इस्त्रीवालीची सगळी कथा तिखटमीठ लावून सांगितली. दवाखाना, रांग, बाटली, भाजी.

नर्सचा चेहरा उतरला. "म्हणून तिला काढलंत?"

"मग काय ओवाळायची होती?"

"बाई, तीच गोळ्या वेळेवर घेतेय. या गल्लीत सगळ्यात कमी धोका तिचाच असेल. तुम्ही तिला काढलंत हे कळल्यावर बाकीचे काय करतील? असेल तेही लपवतील. मी मग घरोघर फिरून काय शोधू?" ती थांबली. "आणि मला एक सांगा. ती कपड्यांना इस्त्री करते. तिचं रक्त गुरुजींच्या अंगात कुठून जाईल?"

मास्तरीणबाई कधी निरुत्तर होत नसत, म्हणून त्यांनी विषय बदलला. नर्सच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं, ओठ सुकले होते. राग बाजूला ठेवून मास्तरीणबाईंच्या मनात माया आली, अगदी खरी. त्यांचा स्वभावच तसा, संशय आणि माया एकाच खिशात.

"किती हिंडता हो तुम्ही उन्हातान्हाचं. बसा, तुमची साखर बघते," त्या म्हणाल्या आणि डबा उघडून पेन काढलं. खटका मागे ओढला, टोक फडक्याने पुसलं, आणि नर्सचं बोट धरलं.

नर्सने बोट मागे घेतलं.

"सुई नवी आहे?"

"आहे की आत."

"नवी आहे का, विचारतेय मी. कधी बदललीत?"

"अजून कशाला बदलायची?" मास्तरीणबाईंनी पेन उघडून टोक तिच्यापुढे धरलं. "बघा ना. टोक शाबूत आहे."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. नवऱ्याचं मशीन थांबलं.

"या पेनाने," नर्स अगदी हळू म्हणाली, "कुणाकुणाची साखर बघता तुम्ही?"

"सगळ्यांची बघते. फुकट बघते. दुकानदार असतो, गुरुजी असतात, काजवाली असते…" बोलता बोलता मास्तरीणबाईंचा आवाज बारीक झाला. तीन नावं त्यांच्याच तोंडून, त्याच क्रमाने बाहेर पडली होती. "इस्त्रीवाली. मी स्वतः." त्या थांबल्या. त्यांनी ओठ घट्ट मिटले, आणि पेन मुठीत इतकं आवळलं की खटका सुटून सुई त्यांच्याच तळहातात घुसली.

"आणखी कुणी?" नर्सने विचारलं.

"नाही."

पडदा सरकला. लेक बाहेर आली, एक हात कमरेवर, एक हात पोटाखाली. सुजलेल्या पायांनी चालत ती टेबलापर्यंत आली आणि टेबलाला धरून उभी राहिली.

"आणि माझी," ती म्हणाली. "एक दिवसाआड. याच सुईने."

मास्तरीणबाईंनी लेकीकडे बघितलं नाही. त्यांना दिसत होतं ते फक्त सुईचं टोक. तसंच लखलखत होतं, त्याच्यावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी सुई टोकावरून पारखली. मागच्या बोटाचं काहीतरी तिच्यावर उरत असेल, हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही.

त्यानंतर सगळं फार भराभर झालं. नर्सने आरडाओरडा केला नाही, नावं ठेवली नाहीत, तिथेच बसून मोठ्या दवाखान्यात फोन लावला. सगळ्या गल्लीचं रक्त तपासलं. दुकानदार, गुरुजी आणि काजवालीला नुकतीच लागण झाली होती आणि मोठ्या माणसांची बहुतेक वेळा आपोआप बरी होते, तशी त्यांची होण्याच्या बेतात होती. इस्त्रीवालीची गोळ्यांनी दबलेली. आणि मास्तरीणबाईंचीही निघाली. जुनी, कित्येक वर्षांची, आणि अजिबात न दबलेली.

"मला?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "मला तर कधी काही झालं नाही."

"म्हणूनच कळलं नाही," नर्स म्हणाली. "कदाचित तुम्ही जन्मलात तेव्हाच तुमच्या आईकडून आली असेल. त्या काळी इंजेक्शन कुठे होतं?"

"मग दुकानदाराला वगैरे… माझ्याकडूनच?"

"इस्त्रीवालीकडून जाणं कठीण आहे. गोळ्या चालू असताना तिच्या रक्तात जवळजवळ काही नाही. तुमच्याकडूनच गेली असेल. अगदी खात्रीने मला सांगता येणार नाही."

लेकीच्या रक्तातही होती. ती सुईतून आली की आईच्या पोटातूनच घेऊन आली होती, हे तपासण्यांवरून नक्की सांगता येत नव्हतं. नर्सने हे जपून, दोनदा सांगितलं. पण मास्तरीणबाईंना फरक कळेना. सुईतून आली काय नि पोटातून आली काय, आली त्यांच्याकडूनच. त्या दिवशी त्या कापणीच्या टेबलावर डोकं ठेवून मोठ्याने रडल्या, आणि नवऱ्याने दुकानाचं दार ओढून घेतलं.

विहीणबाईंना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. चूक माझी, पोरीचा काही दोष नाही, असं उभ्या उभ्याच म्हणाल्या. विहीणबाई बराच वेळ टोचून बोलल्या. मास्तरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकाही वाक्याला उत्तर दिलं नाही.

लेक मोठ्या दवाखान्यात बाळंत झाली, दुपारी. मुलगी झाली. नर्स इंजेक्शनं घेऊन तयारच होती. एक एका मांडीत, दुसरं दुसऱ्या मांडीत. पोरगी अशी काही किंचाळली की बाहेर बाकावर बसलेल्या तिच्या आजोबांनी टोपी काढून छातीशी धरली. "वेळेत झालं," नर्स बाहेर येऊन म्हणाली. "आता पुढचे डोस तेवढे चुकवू नका." मास्तरीणबाईंनी तिचे हात धरले आणि सोडलेच नाहीत.

पण लेकीने बाळाला घेतलं नाही.

बाळ शेजारच्या पाळण्यात रडत होतं आणि ही भिंतीकडे तोंड करून पडली होती. दूध पाजलं तरी चालतं, इंजेक्शनं दिलीत, पाजल्याने काही होत नाही, असं नर्सने सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. लेक नुसती मान हलवत होती.

"अगं, सगळे सांगतायत ना," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तूच म्हणाली होतीस, खात्याची माणसं काय वाटेल ते सांगतात," लेक म्हणाली. "इस्त्रीवालीने हात लावलेल्याला हात लावू नको म्हणालीस. तिचा कप वेगळा केलास. मी बघत होते, आई." मग ती वळली. तिचे डोळे रडून सुजले होते. "मग आता माझा कप कुठला? आणि मी या पोरीला छातीशी घेऊ?"

लेक आता डॉक्टरांवर विश्वास ठेवणार नव्हती आणि आईवरही नाही. तसं तिला वाढवलं होतं कुणी? मास्तरीणबाई उठल्या, काठी घेतली आणि निघाल्या.

इस्त्रीवाली पंपांच्या दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत राहत होती. दार उघडंच होतं. आत ती घरोघरून आणलेल्या कपड्यांच्या ढिगापुढे इस्त्री करत होती आणि तिची शाळकरी मुलगी जमिनीवर पोट टेकून अभ्यास करत होती. मास्तरीणबाईंना बघून मुलगी उठून बसली. इस्त्रीवालीचा हात थांबला नाही.

"मी चुकले," मास्तरीणबाई उंबऱ्याबाहेरून म्हणाल्या. "तुझ्याकडून कुणाला काही झालं नाही. माझ्याकडूनच झालं."

"सिस्टर येऊन सांगून गेल्या."

"लेक बाळंत झालीय. पोरीला पाजत नाही."

इस्त्रीवालीने सदऱ्याची कॉलर उलटी केली, दाबली, पुन्हा सुलटी केली. "मग सिस्टर आहेत की तिथे. माझ्याकडे कशाला आलात?"

"तिचा कुणावर विश्वास नाही. मीच तसं शिकवलंय. तिने तुझा कप बघितलाय." मास्तरीणबाईंनी काठी भिंतीला टेकवली. "तू सांगितलंस तर ऐकेल. तू यायला हवं असं काही नाही. मी तुझ्या जागी असते तर आले नसते."

इस्त्रीवालीने तो सदरा पूर्ण केला, घडी घातली, वायर काढली. मग मुलीला म्हणाली, "चप्पल घाल. बाळ बघायला जायचंय." पिशवी उचलून ती मास्तरीणबाईंच्या पुढे जिना उतरली. रस्ताभर ती समोर बघत चालली, पण काठीच्या चालीला आपली चाल जुळवून घेतली.

दवाखान्यात ती लेकीच्या खाटेवर बसली नाही, शेजारी उभी राहिली. आपल्या मुलीला तिने खांद्याला धरून पुढे केलं.

"ही माझी," ती म्हणाली. "ही झाली तेव्हा माझ्या रक्तात हेच होतं. हिला जन्मल्याबरोबर टोचलं. मीही घाबरले होते, मीही पहिल्यांदा घेतलं नव्हतं. मग घेतलं. हिचे दात येईपर्यंत पाजलं, आणि नंतरही. चावायची मेली."

मुलगी लाजून आईच्या मागे सरकायला लागली.

"हिच्या रक्तात?" लेकीने विचारलं.

"काही नाही. दोनदा बघितलं. एकाच ताटात जेवतो आम्ही, एकाच पांघरुणात झोपतो."

लेकीने त्या मुलीला नीट बघून घेतलं. तिचे डोळे पांढरेशुभ्र होते, गुडघ्यावर खरचटल्याची खपली होती. पाळण्यातलं बाळ पुन्हा रडायला लागलं. लेकीने डोळे मिटले, उघडले, आणि दोन्ही हात पुढे केले. मास्तरीणबाईंनी उचलून द्यायच्या आधीच इस्त्रीवालीने बाळ उचलून तिच्या छातीशी ठेवलं. थोडा वेळ धडपड झाली. मग रडणं थांबलं, आणि चुटुचुटु आवाज यायला लागला. लेक रडत होती, पण आता बाळाकडे बघत होती.

मास्तरीणबाईंनी खाटेजवळच्या तांब्यातून कपात पाणी ओतून लेकीला दिलं. ती एका दमात प्यायली. मग त्यांनी तोच कप पुन्हा भरला आणि दोन्ही हातांनी इस्त्रीवालीपुढे धरला.

"घे," त्या म्हणाल्या. "उन्हातून आलीस. आणि सोमवारपासून ये कामावर. तुझं टेबल तसंच आहे."

इस्त्रीवालीने कपाकडे बघितलं. मग पिशवीतून आपली बाटली काढली, झाकण उघडलं, दोन घोट घेतले आणि बाटली मुलीला दिली.

"राहू द्या, मावशी," ती म्हणाली. "आता मला माझंच पाणी बरं वाटतं."

ती मुलीचा हात धरून निघाली. मास्तरीणबाई भरलेला कप घेऊन बराच वेळ दाराकडे बघत उभ्या राहिल्या.